गाडी रबरी टायरांवर, मग ‘अर्थ’ आला कुठून? लपून बसणाऱ्या बिघाडाचा इतिहास

१/
जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास कानी पडते: “साहेब, अर्थ मिळत नाहीये.” वास्तविक गाडी उभी असते चार रबरी टायरांवर. विजेच्या दृष्टीने तिचा पृथ्वीशी संबंधच नसतो. मग हा मेकॅनिक शोधतो तो ‘अर्थ’ कुठला? या लहानशा शब्दामागे रेल्वेचे रूळ, अटलांटिकच्या तळाशी पडलेली तार, एका जहाजावर निर्माण झालेला घातपाताचा संशय आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी असा लांबलचक इतिहास दडलेला आहे. आजचा धागा त्या इतिहासाचा.

२/
प्रथम बिघाडाचे स्वरूप समजून घेऊ. पन्नास वर्षांची एखादी फियाट रात्री कसारा घाट चढते आहे, अशी कल्पना करा. एका वळणावर अकस्मात दिवे जातात, इंजिन बंद पडते, हॉर्नही वाजत नाही. चालक अंधारात कशीबशी गाडी कडेला घेतो. पाच-दहा मिनिटांनी सहज चावी फिरवतो, तर सर्व काही पूर्ववत! दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गाडी अगदी निरोगी भासते. मेकॅनिक म्हणतो, “काही नाही, लूज कॉन्टॅक्ट असेल.” पुढच्या आठवड्यात, बहुधा पावसात, पुन्हा तेच.

३/
कायमचा बिघाड शोधणे तुलनेने सोपे, कारण तो जागेवर सापडतो. येता-जाता बिघाड मात्र तपासणीच्या वेळी नेमका गैरहजर असतो. त्यामुळे माणूस दोन चुका करतो: दिसेल तो भाग बदलत सुटतो, किंवा दुसऱ्या माणसावर संशय घेतो. या दोन्ही चुका मोटारगाडीच्या जन्मापूर्वीच करून झाल्या होत्या आणि त्यांतून मार्गही निघाला होता. तो मार्ग शोधणारे लोक होते तारायंत्राचे अभियंते.

४/
सन १८३८. जर्मनीतील न्यूरेम्बर्ग–फ्यूर्थ हा रेल्वेमार्ग सुरू होऊन तीनच वर्षे झाली होती. कार्ल फॉन स्टाइनहाइल या शास्त्रज्ञाने रुळांचाच तारांसारखा उपयोग करून संदेश पाठवता येईल का, हे पाहिले. प्रयोग फसला, कारण एका रुळातील वीज ओल्या जमिनीतून सरळ दुसऱ्या रुळात झिरपू लागली. परंतु या अपयशातच त्याला मोठा शोध लागला. जमीन जर वीज वाहून नेत असेल, तर परतीच्या प्रवासासाठी दुसरी तार हवीच कशाला? एक तार जाण्यासाठी आणि पृथ्वी परतण्यासाठी! तारायंत्राचा तारेवरील खर्च जवळजवळ निम्म्यावर आला.

५/
पुढे मोटारगाडी आली तेव्हा हीच काटकसर तिच्यात उतरली. बॅटरीचे एक टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडायचे, प्रत्येक दिव्याला फक्त एक तार न्यायची आणि परतीची वाट सांगाड्यातूनच द्यायची. पृथ्वीची जागा पत्र्याने घेतली, नाव मात्र तारायंत्राचेच राहिले. इंग्लंडमध्ये त्याला ‘अर्थ’ म्हणत, अमेरिकेत ‘ग्राउंड’. आपल्याकडे इंग्रजी गाड्यांबरोबर इंग्रजी शब्द आला आणि गॅरेजच्या मराठीत कायमचा रुजला.

६/
या काटकसरीची एक किंमत होती. वायरिंगच्या नकाशात प्रत्येक दिव्यापर्यंत एकच रेघ दिसते. मंडलाचा उरलेला अर्धा भाग दिसतच नाही. तो असतो पत्र्यात, बोल्टमध्ये, वॉशरखाली. तेथे गंज चढला, कोणी वरून रंग मारला, किंवा इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणीची पट्टी झिजली, की वीज अडते. न दिसणारा हा अर्धा भाग तपासायचा राहून गेला, म्हणजे त्या बिघाडाचा ‘अर्थ’ दोन्ही अर्थांनी लागत नाही.

७/
आता थोडे मागे, १८२७ मध्ये जाऊ. कलोन येथील शाळेत शिकवणारे गेऑर्ग ओहम यांनी त्या वर्षी विद्युत्‌मंडलाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आरंभीच्या प्रयोगांत त्यांना एक अडचण आली होती. त्या काळच्या बॅटरीचा जोर मोजता-मोजताच उतरत असे, त्यामुळे दोष तारेत की बॅटरीत हेच कळेना. अखेर त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली. दोन धातूंच्या जोडाला एकीकडे उष्ण व दुसरीकडे थंड ठेवून मिळणारी स्थिर वीज त्यांनी वापरली आणि मग नियम स्पष्ट झाला. कोणत्याही तपासणीत आधी उगम भरवशाचा हवा, हा त्यातला पहिला धडा.

८/
ओहमचा नियम आज शाळकरी वाटतो: दाब भागिले रोध बरोबर प्रवाह. परंतु तार-अभियंत्यांच्या हाती तो दुर्बिणीसारखा ठरला. सॅम्युअल हंटर क्रिस्टी याने १८३३ मध्ये रोध मोजणारी एक रचना मांडली. चार्ल्स व्हीटस्टन याने १८४३ मध्ये ती लोकप्रिय केली. तारेचा दर मैलाला रोध किती हे ठाऊक असेल, तर तुटलेल्या तारेच्या एका टोकाशी बसून, केवळ रोध मोजून, दोष किती मैलांवर आहे याचा अंदाज बांधता येऊ लागला. न पाहता दोष शोधण्याची कला येथे जन्मली.

९/
या कलेची पहिली मोठी कसोटी १८५८ मध्ये लागली. आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी समुद्राखालची तार त्या ऑगस्टमध्ये पूर्ण झाली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला सुमारे १६ तास लागले, तरी दोन्ही किनाऱ्यांवर जल्लोष झाला. पण तार आरंभापासूनच अशक्त होती. संदेश कधी स्पष्ट येत, कधी पुसट, कधी येतच नसत. आपल्या जुन्या फियाटचीच ही लक्षणे, फक्त सुमारे दोन हजार मैल लांबीच्या तारेत!

१०/
कंपनीचा विद्युत्‌तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याने त्यावर जो उपाय केला, तो आजही अनेक जण करतात: जोर वाढवला. त्याने सुमारे २,००० व्होल्टचा दाब देणारी यंत्रे तारेला जोडली. आधीच दुबळे असलेले आवरण आणखी खचले आणि काही आठवड्यांतच तार कायमची मुकी झाली. याउलट विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांचे म्हणणे असे होते की जोर कमी ठेवा आणि मोजमाप अधिक सूक्ष्म करा. त्यांचे आरशाचे गॅल्व्हनोमीटर अत्यंत क्षीण प्रवाहही दाखवू शकत असे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तारेचा तुकडा बसवणाऱ्याने व्हाइटहाउसची आठवण ठेवावी.

११/
मग उजाडले १८६५. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे सर्वांत मोठे जहाज नवी तार घेऊन निघाले. प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, तारेत दोष दाखवणारी सुई हलली. मैलोगणती तार पुन्हा वर ओढण्यात आली. तेव्हा दिसले की लोखंडी तारेचा एक इवलासा तुकडा आवरणात शिरून थेट आतल्या तांब्यापर्यंत पोहोचला आहे. काही दिवसांनी पुन्हा तसाच दोष, पुन्हा तसाच तुकडा.

१२/
जहाजावर कुजबुज सुरू झाली: हा घातपात आहे. कोणीतरी मुद्दाम टोचतो आहे. तारेच्या टाकीत राबणाऱ्या कामगारांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, त्यांच्यावर पहारा बसवला गेला. नंतर खरे कारण उमगले. तारेचे बाह्य कवच ज्या लोखंडी तारांचे होते, त्याच ठिसूळ होत्या. तार उलगडताना त्यांचे तुकडे मोडत आणि वरच्या थरांच्या भाराने आत रुतत. अपराधी माणूस नव्हताच. अपराधी होता धातू. दोन ऑगस्टला तिसरा दोष काढण्याच्या प्रयत्नात तार तुटली आणि तळाशी गेली.

१३/
हा प्रसंग मुद्दाम विस्ताराने सांगितला. येता-जाता बिघाड माणसांमधला विश्वास पोखरतो. मालकाला वाटते, मेकॅनिक पैसे काढतो आहे. मेकॅनिकला वाटते, मालक काहीतरी लपवतो आहे. टॅक्सीचालकाला वाटते, रात्रपाळीच्या जोडीदाराने वायरिंगमध्ये हात घातला. पुष्कळदा दोष असतो तो एखाद्या सैल नटचा. मोजमापाचे मोल केवळ पैशापुरते नाही. निरपराध माणूस त्याने आरोपातून सुटतो.

१४/
पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, मोहीम यशस्वी झाली. नवी तार तर पडलीच, शिवाय समुद्रतळाशी गेलेली १८६५ ची तार गळ टाकून वर काढली आणि तीही पूर्ण केली. या यशात विलोबी स्मिथ या अभियंत्याच्या पद्धतीचा वाटा होता. पूर्वी आवरणाची चाचणी ठरावीक वेळी आलटून-पालटून होई; मधल्या काळात दोष निर्माण झाला, तर तो कळेपर्यंत बरीच तार समुद्रात गेलेली असे. स्मिथने अशी जोडणी केली की संदेश चालू असतानाही चाचणी अखंड चालू राहावी. येणारा-जाणारा बिघाड पकडायचा तर साक्षीदार सतत जागा हवा, हे सूत्र येथून मिळाले.

१५/
या सूत्राला पुढे एक अनपेक्षित फळ आले. अखंड चाचणीसाठी फार मोठ्या रोधाची गरज होती, म्हणून स्मिथने सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. पण त्यांचा रोध एका मोजणीत एक, तर दुसऱ्या मोजणीत निराळाच येई. कंटाळून त्या फेकून देण्याऐवजी कारण शोधले गेले. पेटीचे झाकण बंद असताना रोध अधिक आणि उघडे असताना कमी, असे दिसून आले. बदल घडवत होता तो प्रकाश! हे निरीक्षण १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पुढच्या साऱ्या उपकरणांची वाट त्यातून उघडली. लहरी वाटणाऱ्या मोजमापालाही नियम असतो. तो कोणत्या परिस्थितीत बदलतो एवढेच शोधायचे असते.

१६/
आपल्या मुंबईचाही या कथेशी थेट संबंध आहे. याच ‘ग्रेट ईस्टर्न’ने १८७० मध्ये मुंबई ते एडन अशी समुद्राखालची तार टाकली आणि मुंबई इंग्लंडशी समुद्री तारेने जोडली गेली. तारा दुरुस्त करणाऱ्यांची भाषा, त्यांची उपकरणे आणि त्यांचे ‘अर्थ’, ‘लाइन’, ‘फॉल्ट’ हे शब्द मोटारगाडीच्या कितीतरी आधी या देशात येऊन स्थिरावले होते.

१७/
आता मोटारगाडीकडे वळू. आपण ‘सेल्फ मारला’ म्हणतो, तो ‘सेल्फ’ म्हणजे सेल्फ-स्टार्टर. तो बाजारात आला १९१२ च्या कॅडिलॅक गाडीतून. कर्ता होता चार्ल्स केटरिंग. त्याआधी केटरिंगने गल्ल्याच्या यंत्रासाठी छोटी विद्युत्‌मोटर बनवली होती. मोटर काही क्षणच चालवायची असेल तर ती लहान असली तरी चालते, तिच्यावर क्षणभर प्रचंड भार टाकता येतो, हे त्याला तेथे उमगले होते. हँडल मारण्याची जोखीम संपली. पण त्याबरोबर गाडीच्या तारांतून शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहू लागला, आणि प्रत्येक जोडाची परीक्षा कठीण झाली.

१८/
गॅरेजमधला दुसरा जुना शब्द ‘कटआउट’. जुन्या गाड्यांत बॅटरी भरण्याचे काम डायनामो करी. इंजिन मंद असताना डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा कमी पडतो आणि वीज उलट दिशेने वाहू पाहते. ती तोडणारा चुंबकी स्विच म्हणजे कटआउट. त्याचे बारीक संपर्कबिंदू दिवसभर उघडझाप करीत आणि कालांतराने करपत. ते करपले की चार्जिंग कधी होई, कधी नाही. पुढे सिलिकॉन डायोडमुळे अल्टरनेटर व्यवहार्य झाला. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून तो सर्वसाधारण मोटारींत येऊ लागला आणि डायनामो हळूहळू मागे पडला.

१९/
इंग्रजी गाड्यांच्या शौकिनांत एक विनोद प्रसिद्ध आहे. विद्युत्‌भाग बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचे संस्थापक जोसेफ लुकास यांना ते ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. गंमत अशी की त्यांच्या १८७९ च्या सायकलदिव्याचे नाव होते ‘किंग ऑफ द रोड’! विनोद खुसखुशीत असला तरी पुरता न्याय्य नाही. दमट हवेत दशकानुदशके न उघडलेला जोड कोणत्याही कंपनीचा असो, तो गंजतोच. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. अशा गाडीत आजच्या सवयीने बॅटरी जोडली, तर नवा बिघाड आपणच निर्माण करू.

२०/
तपासणीचे आजचे मुख्य हत्यार म्हणजे मल्टिमीटर. तोही तारायंत्राच्याच घरातला! ब्रिटिश पोस्ट ऑफिसकडे तारा आणि टेलिफोन यांची देखभाल असे. तेथील अभियंता डोनाल्ड मॅकाडी अनेक निरनिराळी उपकरणे सोबत वागवून कंटाळला होता. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम हे तिन्ही मोजणारे एकच यंत्र त्याने तयार केले. १९२३ मध्ये ते बाजारात आले. नाव पडले ‘अव्होमीटर’, म्हणजे या तीन एककांची आद्याक्षरे. समुद्रतळाशी दोष शोधणाऱ्यांचा वारसा अशा रीतीने मेकॅनिकच्या हाती आला.

२१/
पण मल्टिमीटर फसवूही शकतो, आणि या धाग्याचा गाभा इथेच आहे. समजा, हेडलाइटच्या वाटेवरील एक जोड इतका गंजला आहे की त्याचा रोध १,००० ओहम झाला. दिवा पेटणे अशक्य. आता दिव्याची तार काढून तेथे मीटर लावा. आधुनिक मीटरचा स्वतःचा रोध असतो सुमारे १ कोटी ओहम. तो इतका कमी प्रवाह ओढतो की १,००० ओहमच्या अडथळ्यावर व्होल्टचा जेमतेम हजारावा भाग खर्ची पडतो. मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो. मेकॅनिक म्हणतो, “करंट येतोय.” दिवा म्हणतो, “नाही.” आणि दोघेही खरेच बोलत असतात!

२२/
म्हणून जाणते कारागीर भार चालू ठेवून मोजतात. दिवे लावा, सेल्फ मारा, आणि मग प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे मीटरची टोके टेकवा. निरोगी जोडावर व्होल्टचा एक-दशांश भागही हरवू नये. सेल्फसाठी १५० अँपिअर लागत असतील आणि एखाद्या जोडाचा रोध केवळ ०.०२ ओहम असेल, तरी तेथे ३ व्होल्ट गडप होतात. ओहममापकावर ०.०२ हा आकडा दिसणारही नाही. पण भाराखाली ३ व्होल्टची तूट लपत नाही. हीच पद्धत अर्थच्या बाजूनेही वापरावी: एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरे इंजिनच्या धातूवर. बहुतेकांकडून हीच बाजू राहून जाते.

२३/
बिघाड येतो-जातो का, याचे उत्तरही रोधातच आहे. सैल जोडातून प्रवाह गेला की तो तापतो. २० अँपिअरचा प्रवाह आणि ०.१ ओहमचा रोध म्हणजे ४० वॅटची उष्णता. एक छोटे सोल्डरिंग आयर्नच प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये तापते ठेवल्यासारखे. तापलेली पितळी पट्टी ताण गमावते, संपर्क सुटतो, सारे बंद पडते. गाडी थांबली, जोड निवला, की संपर्क पुन्हा जुळतो. घाटातली ती ‘पाच-दहा मिनिटे’ म्हणजे जोड थंड होण्याचा काळ! मात्र दर खेपेस तो थोडा अधिक करपतो. म्हणून आपोआप बरा झालेला बिघाड बरा झालेला नसतो. तो वाढत असतो आणि कधी आगही लावू शकतो.

२४/
तो लपतो तरी कुठे? सारी गाडी एकदम मरते तेव्हा संशय सर्वांच्या सामायिक वाटेवर घ्यावा. बॅटरीची टर्मिनले, तेथून सांगाड्याला जाणारी अर्थ पट्टी, इंजिन व बॉडी यांमधली पट्टी, मुख्य तारेचा पहिला जोड, चावीचा स्विच. अनेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरमधून सेल्फ सोडून जवळजवळ साऱ्या गाडीचा प्रवाह जातो. त्याच्या पाठीमागचा एक नट सैल झाला की गाडी अंधारात. जुन्या युरोपीय गाड्यांतील दोन्ही बाजूंनी निमुळत्या फ्यूजांची टोकेही गंजतात: फ्यूज शाबूत दिसतो, वीज मात्र जात नाही. फ्यूज जागच्या जागी फिरवताच दिवा लागला, तर दोष तेथेच.

२५/
आता पद्धत. पहिली पायरी साक्ष घेण्याची. गाडी बंद पडताच चावी पुन्हा पुन्हा फिरवू नका. आधी प्रश्न विचारा. हॉर्न वाजतो का? आतला दिवा लागतो का? हेडलाइट मंदावतात की पूर्ण जातात? हॉर्न चालू आणि इंजिन बंद असेल, तर बॅटरी निर्दोष ठरते आणि संशय चावीच्या स्विचकडे किंवा पुढे इग्निशनच्या मंडलाकडे वळतो. सारेच मृत असेल, तर दोष बॅटरीच्या निकट. पाऊस होता का, गाडी तापली होती का, खड्डा लागला होता का, हेही तारखेसह वहीत टिपून ठेवावे. चार-पाच नोंदी झाल्या की आकृती दिसू लागते. सेलेनियमच्या पेटीचे झाकण असेच सापडले होते.

२६/
दुसरी पायरी निम्म्याची. तारेवरचे लोक एका टोकापासून खांब मोजत बसत नसत. मधल्या ठाण्यावर तपासून दोष अलीकडे की पलीकडे हे ठरवत आणि उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करत. गाडीतही संशयित वाटेच्या मधोमध एक लहान टेस्ट लॅम्प फ्यूज लावून जोडावा, चालकाला दिसेल असा ठेवावा आणि गाडी चालवावी. बिघाड आला त्या क्षणी दिवा तेवत असेल, तर दोष पुढे. विझला, तर मागे. विलोबी स्मिथचा जागता साक्षीदार तो हाच. पाच फेऱ्यांत बत्तीस जोडांमधून एक दोषी जोड वेगळा काढता येतो.

२७/
तिसरी पायरी संयमाची. संशयित भागात एका वेळी एकच तार हलवावी, एकच जोड उघडावा आणि प्रत्येक वेळी मोजावे. सारे जोड एकदम घासूनपुसून टाकले तर गाडी चालेल, पण दोष कोणता होता हे कळणार नाही. पुरावाच पुसला जाईल. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थची तार प्रथम काढावी, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडणार नाही. दोष सापडल्यावर जोड चकचकीत करून घट्ट आवळावा, टर्मिनलवर ग्रीस लावावे, आणि त्याच भाराखाली पुन्हा मोजून खात्री करावी. मोजल्याविना ‘झाले’ म्हणू नये.

२८/
शेवटी पुन्हा मुंबईकडे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९७० च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीचे पर्व संपले.

२९/
गाड्या गेल्या, म्हणजे केवळ पत्रा गेला असे नाही. या गाड्यांवर हजारो कारागिरांनी हात बसवला होता. बंद पडलेली टॅक्सी म्हणजे त्या दिवसाची बुडालेली कमाई; म्हणून कानाने, बोटांनी, एका लहानशा बल्बने दोष शोधण्याची विद्या त्यांनी कमावली. आज गाडी स्वतःच बिघाडाचा संकेतांक सांगते. पण तो संकेतांकही अनेकदा गंजलेल्या अर्थमुळे चुकीचा येतो, आणि मग पुन्हा हाच जुना मार्ग धरावा लागतो. ही विद्या पुस्तकांत फारशी उतरलेली नाही. ती ज्यांच्या हातात आहे ते कारागीर आता वृद्ध झाले आहेत.

३०/
म्हणून एक विनंती. आपल्या गल्लीत असा एखादा जुना वायरमन किंवा मेकॅनिक असेल, तर त्याच्यापाशी थोडा वेळ बसा. तो दोष कसा शोधतो, कोणते शब्द वापरतो, ते लिहून ठेवा. ‘अर्थ’, ‘सेल्फ’, ‘कटआउट’ हे शब्द नाण्यांइतकेच आणि ताम्रपटांइतकेच इतिहासाचे साधन आहेत. आणि अवजड वाटणाऱ्या आरोपापूर्वी, मग तो यंत्रावर असो वा माणसावर, एकदा भाराखाली मोजून पाहा. आपल्या घरच्या जुन्या गाडीच्या आठवणी खाली अवश्य लिहा. धाग्यास येथे विराम देतो.